खाजनातले बियाणे वाचवा: गव्हाच्या एका जनुकाच्या निमित्ताने गोव्याच्या कृषी खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, कृषी संचालनालय, गोवा शासन
आणि मा. अध्यक्ष व सदस्य, गोवा राज्य जैवविविधता मंडळ

सादर नमस्कार.

गोव्यात गहू पिकत नाही. आपला पाव, पोई, उंडे, चतुर्थीच्या नेवऱ्या, घरोघरच्या चपात्या, या सगळ्यांचे पीठ बाहेरून येते. तरीही हे पत्र मी गव्हापासून सुरू करते आहे. खारट जमिनीत, तापलेल्या मार्चमध्ये, आम्ल मातीत गहू तग कसा धरतो आणि त्यामागे कोणती जनुके असतात, याचा गेल्या पंचवीसेक वर्षांत बराच उलगडा झाला आहे. त्या कामातून जे हाती आले ते आपल्या खाजनांतल्या, म्हणजे बांध घालून खाडीचे पाणी अडवलेल्या शेतांतल्या, कोरगुट आणि आसगो या खाऱ्या भातांना थेट लागू पडते. कोणते बियाणे वाटायचे, कोणता बांध आधी दुरुस्त करायचा, कशाची नोंद ठेवायची, हे ठरवणारे आपण आहात, म्हणून पत्र आपल्याला.

माझी नोकरी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवण्यात गेली. माहेर फोंडा तालुक्यात, झुआरीच्या काठचे. घरची थोडी खाजन शेती कूळ म्हणून कसली जायची. त्यामुळे पुस्तकातले जनुक आणि मानशीजवळचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचा, चिखल या दोन्ही गोष्टी मला सारख्याच जवळच्या आहेत.

मीठ पिकाला दोन प्रकारे मारते. मातीतल्या पाण्यात मीठ वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते. शेतात पाणी असून रोप तहानलेले राहते आणि त्याची वाढ खुंटते. हा पहिला फटका लगेच बसतो. दुसरा सावकाश बसतो. सोडियम मुळांतून आत शिरतो, पाण्याबरोबर काष्ठवाहिन्यांतून वर चढतो आणि पानांपर्यंत पोहोचतो. पानांतून पाणी वाफ होऊन निघून जाते, सोडियम मात्र तिथेच साठत राहतो. पेशींतल्या कितीतरी विकरांना (एन्झाइमना) काम करायला पोटॅशियम लागते. सोडियम रासायनिकदृष्ट्या त्याच्या इतका जवळचा आहे की तो पोटॅशियमची जागा बळकावतो आणि विकर ठप्प होते. जुनी पाने आधी करपतात. दाणा भरायच्या वेळी हिरवे पानच उरले नाही तर ओंबीत काय उतरणार?

हा दुसरा फटका अडवणारे जनुक गव्हात सापडले. ते कसे सापडले, हे जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे.

ज्याला आपण बन्सी म्हणतो, ज्याचा रवा शिऱ्याला चांगला, तो ड्युरम जातीचा गहू. तो खारेपणाला फार हळवा. पोळी-पावाचा गहू त्या मानाने चिवट. याचे कारण दोघांच्या घडणीत आहे. पावाच्या गव्हात तीन पूर्वज गवतांचे गुणसूत्रसंच एकत्र आले आहेत, ड्युरममध्ये दोनच, आणि सोडियम अडवणारे एक महत्त्वाचे जनुक त्या तिसऱ्या संचात, ४डी या गुणसूत्रावर आहे. ड्युरमला ते मिळालेच नाही. ऑस्ट्रेलियात राना मन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्युरमसाठी तसा गुण दुसरीकडे कुठे मिळतो का, हे शोधायला घेतले. संग्रहातले निरनिराळे ड्युरम त्यांनी मिठाच्या पाण्यात वाढवून पाहिले. त्यांत १४९ क्रमांकाच्या वाणाच्या पानांत सोडियम फारच कमी निघाला.

या वाणाची पूर्वपीठिका शोधली तेव्हा कळले की १९७०च्या दशकात एका प्रजननतज्ज्ञाने ड्युरमचा संकर ट्रिटिकम मोनोकोकम या प्राचीन गव्हाशी केला होता. त्याला हवी होती तांबेरा रोगाला तोंड देण्याची ताकद. मिठाचा विषय नव्हताच. त्या संकराबरोबर प्राचीन गव्हाची दोन जनुके ड्युरममध्ये येऊन बसली आणि पुढची कितीतरी वर्षे ती तिथे आहेत याचा कुणाला पत्ता नव्हता. मग त्यांना नॅक्स१ आणि नॅक्स२ अशी नावे मिळाली.

नॅक्स२ मुळांतल्या काष्ठवाहिनीला लागून असलेल्या पेशींच्या पटलात एक प्रथिन बसवते. वर चढणाऱ्या पाण्यातला सोडियम हे प्रथिन काढून घेते आणि मुळातच अडवून ठेवते. पाणी वर जाते, मीठ खाली राहते. भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे आपल्या मानशीचे दार ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको. २०१२ साली याच्या शेतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खारट जमिनीत नॅक्स२ असलेल्या ड्युरमने ते नसलेल्या त्याच वाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त धान्य दिले, आणि चांगल्या जमिनीत त्याचे उत्पन्न कमी झाले नाही. हे सगळे साध्या संकरातून झाले. परजनुकी तंत्र, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचे जनुक घालणे, वापरावे लागले नाही.

या हकिगतीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मधला काळ. १९७०च्या दशकातला तो संकर आणि मिठाची पहिली चाचणी, या दोहोंमध्ये वर्षानुवर्षे ते बी कुणीतरी क्रमांक घालून, नोंद करून जपले. त्याचा पुढे काय उपयोग होईल हे जपणाऱ्याला माहीत नव्हते. तेव्हाच ते 'जुने, कमी उत्पन्नाचे' म्हणून टाकून दिले असते, तर पुढे शोधणाऱ्यांना काही मिळाले नसते.

असेच मोठ्या प्रमाणावर वॉटकिन्स संग्रहाच्या बाबतीत घडले. आर्थर वॉटकिन्स हे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९२० आणि १९३०च्या दशकांत त्यांनी ठिकठिकाणच्या ब्रिटिश व्यापार प्रतिनिधींना पत्रे लिहून तिथल्या स्थानिक बाजारांतले, शेतकऱ्यांचे गहू मागवले. ३२ देशांतले ८२७ स्थानिक वाण आज त्या संग्रहात आहेत, भारतातलेही आहेत. २०२४ साली या वाणांच्या जनुकीय वाचनाचे निष्कर्ष आले. त्यांतली सुमारे ६० टक्के जनुकीय विविधता आजच्या सुधारित गव्हांत उतरलेलीच नाही, असे दिसले. शंभर वर्षांपूर्वी ज्या शेतकऱ्यांच्या शेतातून ते बी गेले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ते उरलेले नाही.

आपल्या देशातले उदाहरण तर याहून जवळचे. राजस्थानात पाली जिल्ह्याच्या खारवट पट्ट्यात शेतकरी विहिरींच्या मचूळ पाण्यावर खारचिया नावाचा गहू पिकवत आले. उंच, कमी उत्पन्नाचा, लाल दाण्याचा. बाजारात त्याला कुणी डोक्यावर घेतले नव्हते. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने त्याच्या वंशातल्या खारचिया ६५ चा पंजाबच्या डब्ल्यूएल ७११ शी संकर केला आणि १९९० साली केआरएल १-४ हा वाण प्रसारित झाला. त्याच घराण्यातून पुढे केआरएल १९ आला. हरियाणा, उत्तर प्रदेशच्या खारट-चोपण जमिनींत हे गहू पेरले जातात. जगभर गव्हाच्या खारसहनशीलतेवर काम करणारे लोक खारचियाला तुलनेचा आधार मानतात. पालीच्या ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो पेरत ठेवला त्यांनी हे काम कुणाच्या सांगण्यावरून केले नव्हते. त्यांच्या मातीत दुसरे काही उगवतच नव्हते.

याचप्रमाणे आम्ल मातीचे. गोव्याची बरीचशी डोंगराळ जमीन जांभ्याची आणि आम्ल आहे, म्हणून हे सांगते. माती फार आम्ल झाली की तिच्यातला अॅल्युमिनियम विरघळतो आणि मुळांची टोके मारतो. गव्हात याला उत्तर देणारे जनुक २००४ साली हाती लागले. ते मुळाच्या टोकातून मॅलेट नावाचे आम्ल बाहेर सोडते आणि मॅलेट अॅल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करते. वनस्पतींमध्ये अशा प्रकारचे वेगळे काढले गेलेले हे पहिलेच जनुक, आणि तेही त्याच ४डी गुणसूत्रावरचे. हा गुण ठळकपणे दिसतो तो ब्राझीलच्या आम्ल मातीत वाढलेल्या गव्हांत.

जिथे ताण, तिथेच त्या ताणाला उत्तर देणारे जनुक टिकून राहते. दरवर्षी मीठ किंवा आम्लता दुबळी रोपे मारते, उरलेल्यांचे बी पुढच्या वर्षी पेरले जाते, आणि शेकडो वर्षांत शेतकरी आणि माती मिळून जे घडवतात ते प्रयोगशाळेत पाच वर्षांच्या प्रकल्पात घडत नाही.

आता भाताकडे येते. गव्हात सोडियम अडवणारी ही जनुके एचकेटी या कुळातली आहेत. त्याच कुळातले जनुक भातातही तेच काम करते. त्याचे नाव एसकेसी१, भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर त्याची जागा, आणि ते २००५ साली चिनी शास्त्रज्ञांनी ज्या भातातून वेगळे काढले तो भात होता नोना बोकरा, बंगालच्या खारट किनारपट्टीतला शेतकऱ्यांचा वाण. खारसहनशील भाताच्या प्रजननात ज्याचा आधार सर्वाधिक घेतला गेला तो पोक्काळी केरळच्या खाऱ्या पाणथळीतला. पुराखाली तग धरण्याचे सबवन जनुक २००६ साली उजेडात आले ते ओडिशाच्या स्थानिक भातातून निवडलेल्या एफआर१३ए या वाणातून, आणि २००९ साली स्वर्णा-सबवन आपल्याकडे शेतात पोहोचला. बंगाल, केरळ, ओडिशा. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राला बांध घालून उभी केलेली आपली खाजने सुमारे १८ हजार हेक्टर. या यादीत गोव्याचे नाव असायला हवे.

एला, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या दिशेने खरेच काम केले आहे, ते इथे मनापासून नोंदवते. कोरगुटमधून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण त्यांनी शेतकऱ्यांना दिले. कोरगुट उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उत्पन्न कमी देतो. निवडलेले वाण या बाबतींत सरस आहेत आणि ते पेरले जायला हवेत. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही खाजनातल्या पारंपरिक भातांचा अभ्यास झालेला आहे.

पण एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. शुद्ध निवड म्हणजे हजारो रोपांतून एकाची संतती. कोरगुट हा एक वाण आहे असे आपण बोलायला म्हणतो. प्रत्यक्षात तो एक मिश्र समूह आहे. दिवाडीचा, चोडणचा, सांत इस्तेवचा आणि आमच्या झुआरीकाठचा कोरगुट एकसारखा असेलच असे नाही. कुठे रोपाच्या वयात मीठ सोसण्याची ताकद जास्त असेल, कुठे फुलोऱ्यात. भाताला या दोन अवस्थांतच मीठ सर्वाधिक बाधते, आणि त्यामागची जनुके वेगवेगळी असतात. समूहातून एक ओळ उचलून ती सगळीकडे पेरली आणि मूळ समूह पेरणे थांबले, तर जे उचलले नाही ते कायमचे गेले. गव्हाच्या हरितक्रांतीत नेमके हेच झाले आणि आज वॉटकिन्सच्या पाकिटांतून ते परत शोधले जाते आहे.

बियाणे शीतगृहात ठेवले की काम झाले, असे कुणी म्हणेल. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत नमुना असणे गरजेचेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शीतगृहात बी ज्या दिवशी गेले त्या दिवशी होते तसेच राहते. समुद्राची पातळी वाढते आहे, पावसाचे खंड लांबत आहेत, खाजनातले मीठ पुढच्या तीस वर्षांत आजच्यापेक्षा वेगळे असणार आहे. त्या मिठाशी जुळवून घेण्याचे काम फक्त शेतात पेरलेले, दरवर्षी निवडले जाणारे बीच करू शकते. आणि हे बी गोड्या जमिनीत वाढवून चालत नाही. मीठच नसेल तर सोसणारे आणि न सोसणारे असा फरकच उरत नाही, आणि काही पिढ्यांत तो गुण पातळ होत जातो.

जनुकांकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत, हेही तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. नॅक्स२ ने २५ टक्क्यांपर्यंत जास्त धान्य दिले ते खारवट जमिनीत, समुद्राच्या पाण्यात नाही. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसीमेन्स प्रतिमीटर झाली की जमीन खारट समजतात. समुद्राच्या पाण्याची असते ५०च्या आसपास. बांध फुटून खाडी शेतात शिरली तर कोणतेही जनुक कामाचे नाही. कोरगुटही आपल्या धो धो पावसाच्या भरवशावर उभा असतो. आधी मृगाच्या सरी जमिनीतले मीठ धुतात, मग पेरणी होते. बांध आणि मानस शाबूत असतील तरच हे धुणे होते. म्हणून बी आणि बांध यांचा विचार दोन वेगळ्या फायलींत होऊ नये.

उष्णतेच्या बाबतीत तर एका जनुकाची भाषाच फोल आहे. २०२२चा मार्च हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला. दाणा भरायच्या ऐन वेळी पारा चढला, पंजाब-हरियाणात दाणे सुरकुतले, आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. उष्णतेत दाणा भरण्याचा काळच आखडतो, पिष्ट बनवणारी विकरे मंदावतात, प्रकाशसंश्लेषणातले एक कळीचे विकर तापमानाला फार हळवे असते. इतक्या ठिकाणी एकदम घाव बसतो तेव्हा एक जनुक बदलून भागत नाही. तापमान एका अंशाने वाढले तर जगातले गव्हाचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०१५ साली अनेक प्रतिमाने एकत्र करून मांडला गेला होता. दुष्काळाच्या जनुकांचीही गत अशीच. कुंडीत जिंकलेली पुष्कळ जनुके शेतात हरली. अर्जेंटिनाने २०२० साली सूर्यफुलाचे जनुक घातलेल्या एचबी४ गव्हाला मान्यता दिली, तो या वाटेवरचा सर्वात गाजलेला प्रयत्न. अशा तंत्राला माझा सरसकट विरोध नाही. मात्र त्या बियाण्याची मालकी कंपनीकडे असते. कोरगुटची मालकी आज तरी खाजनात राबणाऱ्या माणसांकडे आहे, आणि ती त्यांच्याकडेच राहावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता मागण्या.

सगळ्यात आधी संकलन. येत्या सरद (पावसाळी) हंगामाच्या पेरणीपूर्वी, आगोटीच्या आतच, प्रत्येक खाजनातल्या प्रत्येक घरातून, जिथे कोरगुट, आसगो किंवा दुसरे कोणतेही खारे भात अजून शिल्लक आहे, तिथून बी गोळा करावे. गावचा एकच नमुना घेऊन थांबू नये. नमुन्यासोबत शेत कुठले, मानस कुठली, त्या शेतातल्या मातीची क्षारता किती, बी किती पिढ्यांचे, ते कुणी आणि कसे राखले, हे लिहून घ्यावे. बी राखण्याचे काम बहुतेक घरांत बायकांनी केले आहे, म्हणून नोंद जमिनीच्या उताऱ्यातल्या नावापुरती राहू नये. एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे, एक एलाच्या संस्थेकडे, आणि एक त्याच गावात. पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या २००२च्या जैवविविधता कायद्याने आधीच दिलेल्या आहेत. या कामाला नवी यंत्रणा लागत नाही.

दुसरे, या नमुन्यांचे जनुकीय वाचन. पावाच्या गव्हाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, भाताच्या सुमारे चाळीसपट मोठा आणि तीन संचांमुळे महागुंतागुंतीचा. तरी २०१८ साली तो वाचून पूर्ण झाला आणि त्यातल्या २ए गुणसूत्राच्या कामात आपल्या देशातल्या संस्थांचा वाटा होता. भाताचे काम त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, भाताचा जीनोम २००५ सालीच समोर आला. खाजनाखाजनातल्या कोरगुटमध्ये एचकेटी कुळाच्या जनुकांची कोणती रूपे आहेत, हे एलाची संस्था आणि गोवा विद्यापीठ मिळून तपासू शकतात. यातला जो भाग आधीच झालेला आहे तो लोकांसमोर मराठीत आणि कोंकणीत मांडावा. शेतकऱ्याच्या बियाण्यावरचा शोधनिबंध शेतकऱ्याला वाचता आला पाहिजे.

तिसरी मागणी पैशांची आहे आणि ती मी संकोच न करता करते. जो शेतकरी खाजनातच, खाऱ्या जमिनीतच, मूळ कोरगुट पेरतो त्याला हेक्टरी वार्षिक मानधन द्यावे. ते उत्पन्नावर ठेवू नये, कारण कमी उत्पन्न हाच तर या बियाण्याचा दोष सांगितला जातो. पेरणी, बी राखणे आणि आपल्या वाटणीचा बांध सांभाळणे एवढ्यावर ते मिळावे. आज जो माणूस मजुरी परवडत नाही म्हणून खाजन पडीक टाकतो त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेत पडीक पडले की बांधाकडे कुणी फिरकत नाही, मग पाणी शिरते, खारफुटी उगवते, आणि एकदा खारफुटी वाढली की कायद्याने तिथे नांगर घालणे अवघड होऊन बसते. म्हणजे ती जमीन शेतीला कायमची मुकते आणि तिथले बीही.

मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हावी ही मूळ रीत. कित्येक ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी हवे तेवढा वेळ आत घेतले जाते आणि भातवाल्याच्या वाट्याला मिठाची जमीन येते. कुणाचे नाव घेण्याचा माझा हेतू नाही. पण प्रत्येक मानशीवर क्षारता मोजून ती दर पंधरवड्याला पंचायतीच्या फलकावर लावली, तर दार कुणी कधी उघडे ठेवले हे सांगायला कुणाच्या साक्षीची गरज पडणार नाही. पेरणीच्या काळात आणि पाऊस ओसरताना, म्हणजे भाताच्या नाजूक अवस्थांत, ही मोजणी जरूर व्हावी. क्षारता मोजायचे छोटे यंत्र हातात मावते, विद्यार्थ्यालाही चालवता येते.

शेवटी हक्काचा प्रश्न. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. शेतकऱ्यांचे वाण शेतकऱ्यांच्या किंवा समुदायाच्या नावाने नोंदवण्याची सोय त्यात आहे, शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क पडत नाही, आणि कुणी त्या वाणापासून नवा वाण काढला तर लाभात वाटा मागता येतो. खाजनातले जे जे वाण या नोंदीत आलेले नाहीत त्यांचे अर्ज खात्याने स्वतः गावागावांत बसून भरून घ्यावेत. अर्जदार गाव असावे, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि कूळ संघटना यांच्यातले जुने वाद मधे येऊ देऊ नयेत. पालीच्या शेतकऱ्यांचा खारचिया जगभर गेला तेव्हा असा कायदा नव्हता. आपल्याकडे आहे.

शिक्षिका म्हणून मला जे करता येईल ते करायला मी तयार आहे. उच्च माध्यमिकच्या मुलांना क्षारता मोजायला आणि नमुन्यांची नोंद घ्यायला शिकवण्याचे काम मी विनामोबदला घेईन, आणि ओळखीतल्या निवृत्त शिक्षकांनाही सोबतीला बोलावीन. संकलन कोणत्या तालुक्यातून, कोणत्या खाजनापासून सुरू करणार आणि त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे असेल, एवढे आपण आगोटीच्या आत जाहीर करावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
फोंडा, गोवा